बाळाचा पासपोर्ट, आईची सुट्टी

आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आम्ही श्रीलंकेला निघालो, तेव्हा तयारी कसून केली. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. तो ५ वर्षे चालतो. विमान उतरताना बाळाला पाजावे. गिळल्याने कानाचे दडे सुटतात. नाचणीसत्त्वाचा डबा घेतला, पाणी उकळूनच वापरले. पण कोलंबोत तिसऱ्या दिवशी ध्यानात आले, की गॉल फेसचा समुद्र आम्ही रोज पाहिला आणि सहचारिणीने खोलीत दुपटीच वाळवली! लाज वाटली. त्या संध्याकाळी बाळ आमच्या कडेवर राहिले, ती एकटी समुद्रावर जाऊन आली. बंधूंनो, समतेच्या गोष्टी आपण सभेत सांगतो. बाळाची आई सुट्टीवर नसेल, तर ती सहल कसली?