नकली जाळ्यांचा इतिहास : पिसा ते बोस्टन

१/ इंटरनेटच्या इतिहासात तारा, मनोरे आणि उपग्रह यांना मानाचे पान मिळते. संगणकाच्या स्मृतीत उभारलेल्या नकली जाळ्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. हा अन्याय आहेच, शिवाय त्यामुळे एक दुर्मीळ ऐतिहासिक साधनही दुर्लक्षित राहते.

२/ प्रारंभ एका कोंडीपासून करावा लागतो. ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांतील अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्या वाटेवरील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला : पॅकेट हरवले की वाट तुंबली असे समजावे आणि पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा. तारेच्या बाबतीत हे गृहीतक रास्त होते, कारण तारेत पॅकेट बिघडून नष्ट होणे विरळाच.

३/ हवेला हा न्याय लावता येत नाही. मध्ये भिंत आली, कोणी दार लावले, तरी पॅकेट हरवू शकते. वाट मोकळी असते आणि टीसीपी मात्र कोंडी समजून वेग घटवतो. १९९०च्या दशकात बिनतारी जोडणीचे लॅपटॉप आले आणि हा दोष उघड झाला. पण त्यावरचा उपाय पारखायचा कसा? रेडिओलहरी दोनदा सारख्या वागत नाहीत. आज नवा नियम सरस ठरला, तर श्रेय नियमाचे की त्या वेळी दालन रिकामे होते याचे, हे सांगणे अशक्य.

४/ जानेवारी १९९७मध्ये पिसा विद्यापीठातील लुईजी रिझ्झो यांनी ‘डमीनेट’ मांडले. युक्ती थक्क करणारी, कारण ती इतकी साधी आहे. फ्रीबीएसडी प्रणालीत जाणारे-येणारे पॅकेट मध्येच अडवायचे आणि दोन रांगांतून न्यायचे. पहिली रांग राउटरची : तिची लांबी ठरलेली, भरली की नवे पॅकेट टाकून द्यायचे, आणि आतली पॅकेटे ठरावीक वेगानेच बाहेर सोडायची. दुसरी रांग अंतराची : प्रत्येक पॅकेट ठरलेला काळ तिच्यात थांबते, मग सुटते. एका यंत्रात, एकाही तारेविना, मंद आणि दूरचे जाळे तयार.

५/ या रांगांचा प्रभाव केवढा, ते साध्या गणिताने कळते. १५०० बाइटांचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला १ कोटी बिटांच्या वाटेवर अशा ५० पॅकेटांची रांग ६० मिलिसेकंदांत रिकामी होते. तीच रांग सेकंदाला ५०,००० बिटांच्या वाटेवर १२ सेकंद घेते. रांग तीच, पॅकेटे तीच. पण एकीकडे पापणी लवते, दुसरीकडे माणूस कंटाळून फोन खाली ठेवतो.

६/ तरीही ही नक्कल मुळात तारेची होती. ‘इतका वेग, इतका विलंब, शेकडा इतकी हानी’ असे तीन आकडे भरले की बिनतारी जाळे झाले, हा समज पुढे फार बोकाळला. बेल प्रयोगशाळेतील गिल्बर्ट यांनी १९६० सालीच दाखवले होते की बिघाड झुंडीने येतात. वाहिनीच्या ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ अशा दोन अवस्था मानाव्या लागतात. शिवाय आधुनिक मोबाइल जाळी हरवलेला भाग रेडिओच्या पातळीवरच पुन्हा पाठवतात. त्यामुळे तेथे हानी दिसते कमी. तिचे रूपांतर विलंबाच्या हेलकाव्यांत झालेले असते. लिनक्सवरील ‘नेटएम’ला हेलकावा सांगितला, तर तो प्रत्येक पॅकेटला स्वतंत्र विलंब देतो आणि पॅकेटांचा क्रमच उलटापालटा होऊ शकतो. खऱ्या रेडिओजोडणीत क्रम बहुधा टिकतो. आकडे खरे आणि वागणे खोटे, असा हा प्रकार.

७/ म्हणूनच १९९७ सालचे दुसरे काम अधिक मोलाचे मानावे लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन नोबल, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी एम. सत्यनारायणन आणि त्यांचे सहकारी यांनी लॅपटॉप घेऊन संकुलात प्रत्यक्ष चालत नोंदी घेतल्या. त्या नोंदींतून क्षणाक्षणाचा वेग, विलंब आणि हानी गाळून काढली आणि प्रयोगशाळेतील यंत्रावर तोच प्रवास पुन्हा घडवला. सरासरीच्या जागी प्रसंग आला. डमीनेटइतकी प्रसिद्धी या विचाराला मिळाली नाही, हे खेदाचे आहे.

८/ त्याचे सर्वांत नेटके रूप एमआयटीच्या ‘माहीमाही’त (२०१५) दिसते. (माहीमाही हे माशाचे हवाईयन नाव. बिनतारी पॅकेटजाळ्याचा आद्य प्रयोग ‘अलोहानेट’ही १९७१चा, हवाईचाच.) त्यातील नोंद म्हणजे केवळ आकड्यांचा स्तंभ : प्रत्येक ओळीत एक मिलिसेकंद, आणि त्या क्षणी रांगेतून १५०० बाइटांचे एक पॅकेट सोडण्याची मुभा. क्षण आला आणि रांग रिकामी असली, तर ती संधी वाया जाते. यातील बहुचर्चित नोंदी ‘स्प्राउट’ (२०१३) या संशोधनासाठी बोस्टन परिसरात मोटारीतून फिरत घेतलेल्या.

९/ या पद्धतीलाही मर्यादा आहे. नोंद गोठलेली असते. खरा मनोरा शेजारच्या फोनांची गर्दी पाहून वाटणी बदलतो. नोंदीतला मनोरा काहीच पाहत नाही. पण याहून गंभीर प्रश्न, नोंद कोणाची, हा आहे. बोस्टनच्या रस्त्यावर पारखलेला नियम बोस्टनला मानवतो.

१०/ फेसबुकने ऑक्टोबर २०१५मध्ये ‘टूजी मंगळवार’ सुरू केला : मंगळवारी अ‍ॅप उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला तासभर मंद जोडणी अनुभवण्याचा पर्याय, भारतासारख्या देशांतील वापरकर्त्यांची अडचण कळावी म्हणून. हेतू स्तुत्य. परंतु तासाभराची मंदता म्हणजे गावातले टूजी नव्हे. ते कधी धावते, कधी गप्प बसते, आणि त्या लहरीतच त्याचे सत्य असते.

११/ इतिहासाच्या अभ्यासकांनी येथे थांबावे. बोस्टनच्या नोंदींत व्हेरायझनचे थ्रीजी जाळे आहे. ते जाळे २०२२च्या अखेरीस कायमचे बंद झाले. त्याचे मनोरे जुन्या छायाचित्रांत पाहता येतील. पण ते कसे वागत होते, कोठे अडखळत होते, हे त्या आकड्यांच्या स्तंभातून आजही लॅपटॉपवर अनुभवता येते. शिलालेख वाचणाऱ्यांनी या स्तंभालाही साधनाचा दर्जा द्यायला हवा. भारतातील टूजी अजून पूर्णपणे मालवलेले नाही. स्प्राउटच्या नोंदींसाठी लागले होते लॅपटॉप, फोन आणि रस्ता.