जिल्हा बँकेच्या सर्व्हरची नोंदवही रात्री कोण वाचतं?

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. यूपीआय चालेना, एटीएममधून पैसे निघेनात. बहुतेक बँका सहकारी नाहीतर ग्रामीण, म्हणजे खातेदार शेतकरी, दूधवाले, छोटे दुकानदार. गडबड त्या बँकांच्या शाखेत झालेली नव्हती. त्यांना कॉम्प्युटर यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. तो पुढं पसरू नये म्हणून एनपीसीआयनं, म्हणजे देशातली यूपीआय आणि एटीएमची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेनं, त्या कंपनीची जोडणीच तोडली. दुसऱ्या दिवशी ती परत जोडली गेली.

पैसे गेले नाहीत म्हणून विषय तिथंच मिटला. पण एक प्रश्न राहिला. हल्ला कुठपर्यंत पोचलाय आणि कुठं पोचलेला नाही, हे अशा वेळी ठरवतात कशावरून? तर नोंदींवरून. कॉम्प्युटरच्या भाषेत त्याला लॉग म्हणतात. प्रत्येक सर्व्हर, राउटर, फायरवॉल दिवसभर लिहीत असतं: अमुक वाजता अमुक मशीननं अमुक ठिकाणी संपर्क केला, अमुक नावानं कुणी तरी तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला, चौथ्यांदा आत शिरला. साखर कारखान्याच्या गेटवर गाडी नंबर, वेळ आणि काट्याची पावती जशी लिहून ठेवतात, तसंच. फरक एवढाच, की गेटवरचं रजिस्टर कुणीतरी उघडून बघतं. सर्व्हरचं रजिस्टर बहुतेक ठिकाणी लिहिलं जातं आणि आपोआप पुसलं जातं.

कॉसमॉसच्या खतावणीत काहीच नव्हतं

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांमधल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी, त्यात कोल्हापुरातली एटीएमसुद्धा होती. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पैसे काढणारी माणसं पुढं पकडली गेली, २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना शिक्षाही सुनावली. पण ही झाली हातची माणसं. डोकं कुणाचं, यावर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं आपल्या अहवालात उत्तर कोरियाकडं बोट दाखवलं.

आता हे झालं कसं ते बघू. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती बँकेच्या एटीएम स्विचकडं जाते. स्विच मुख्य यंत्रणेला, म्हणजे सीबीएसला विचारतो, "या खात्यात पैसे आहेत का?" हो म्हटलं की नोटा बाहेर. चोरांनी काय केलं, तर बँकेच्या जाळ्यात शिरून एक तोतया स्विच उभा केला. त्यानं सीबीएसला न विचारताच प्रत्येक विनंतीला "हो, द्या" असं उत्तर दिलं. त्यामुळं कुठल्याही खातेदाराच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत, गेले ते बँकेचे. आणि खतावणी तपासली असती तरी तिच्यात काही दिसलं नसतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

इथंच या विषयाची मेख आहे. हिशेबाच्या वहीत चोरी दिसत नव्हती, पण तारेवरून जाणाऱ्या वाहतुकीत ती दिसण्यासारखी होती. एका बाजूला सुट्टीच्या दिवशी परदेशातून पैसे काढण्याचा पूर, आणि दुसऱ्या बाजूला सीबीएसकडं त्याची विचारणाच नाही. दोन्हीकडच्या नोंदी एका जागी येऊन कुणी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर त्या दोन ओळींचा मेळ बसला नसता. असे न बसणारे मेळ पकडण्यासाठी जी यंत्रणा लावतात तिला घुसखोरी ओळखणारी यंत्रणा, म्हणजे इंट्रुजन डिटेक्शन सिस्टिम म्हणतात. थोडक्यात आयडीएस.

फायरवॉल म्हणजे वाड्याचं दार. आयडीएस म्हणजे अंगणातलं कुत्रं. ते चावत नाही, अडवत नाही, पण अनोळखी पाऊल वाजलं की भुंकतं. जाळ्याच्या मुख्य स्विचवर एक जादा पोर्ट असतो. त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या वाहतुकीची नक्कल काढता येते. ती नक्कल एका वेगळ्या मशीनला द्यायची आणि त्यावर सुरिकाटा किंवा स्नॉर्टसारखं सॉफ्टवेअर चालवायचं. दोन्ही फुकट मिळतात. ओळखीच्या हल्ल्यांची लक्षणं त्यात भरलेली असतात आणि ती ताजी ठेवावी लागतात. हल्ली बरीच वाहतूक कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते, तिच्या आत काय आहे ते या कुत्र्याला दिसत नाही. पण कोण कुणाकडं, किती वाजता, किती वेळा गेलं हे दिसतं. क्लार्कच्या टेबलावरचा कॉम्प्युटर रात्रभर दर पाच मिनिटांनी परदेशातल्या एकाच पत्त्यावर जाऊन येत असेल, तर आत काय बोलणं झालं हे न ऐकताही शंका यायला पाहिजे.

बऱ्याच ठिकाणी हे मशीन फक्त इंटरनेटच्या तोंडाशी लावतात. कॉसमॉससारखा प्रकार तोंडाशी दिसत नाही, तो आतल्या दोन सर्व्हरांच्या मध्ये घडतो. म्हणून एक कान तिथंही पाहिजे.

प्रिंटर बंद पडला, कुणाला काही वाटलं नाही

नुसतं भुंकणं ऐकून भागत नाही. फायरवॉल, सर्व्हर, एटीएम स्विच, शाखांचे राउटर या सगळ्यांच्या नोंदी रोजच्या रोज उचलून दुसऱ्या एका मशीनवर नेऊन ठेवाव्या लागतात. दुसऱ्याच मशीनवर का? याचं उत्तर बांगलादेशात सापडतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर चोरांनी न्यूयॉर्कच्या खात्यातून फिलिपिन्सला वळवले. मागणी तर जवळपास ९५ कोटी डॉलरची होती. तिथं स्विफ्टचे संदेश एका प्रिंटरवर आपोआप छापून येत, तीच त्यांची कागदी नोंदवही. चोरांनी आत शिरल्यावर संदेशांच्या नोंदी पुसल्या आणि प्रिंटरचं तोंडही बंद केलं. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, प्रिंटर चालत नाही हे लक्षात आलं. नेहमीचीच कुरकुर असेल, असं समजून सोडून दिलं गेलं. पूर्ण प्रकार कळेपर्यंत पैसे मनिलात पोचले होते.

ज्या मशीनवर चोरी झाली त्याच मशीनवर तिची नोंद ठेवायची, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच टांगायची. चोर सगळ्यात आधी तीच नोंद पुसतो. म्हणून नोंद तयार झाली की लगेच ती दुसरीकडं गेली पाहिजे, आणि त्या दुसऱ्या मशीनचा पासवर्ड सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात नसला पाहिजे. चोर आतलाही असू शकतो, हे सहकारात वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, नोंदी येणं थांबलं तर त्याचाच इशारा वाजला पाहिजे. गप्प बसलेला प्रिंटर हीच तिथली सगळ्यात मोठी बातमी होती. नोंदी पाठवायची जुनी पद्धत पोस्टकार्डासारखी आहे, टाकलं की टाकलं, पोचलं का नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही. पोचपावती मिळणारी पद्धतही आहे, लावून देणाऱ्याकडं तीच मागायची.

तिसरी गोष्ट घड्याळाची. ऐकायला किरकोळ, पण तपास इथंच अडतो. एटीएम स्विचचं घड्याळ सात मिनिटं पुढं, फायरवॉलचं चार मिनिटं मागं, मग आधी काय झालं आणि नंतर काय, हे कोर्टात कसं सांगणार? काही मशीन तर आपली वेळ न लिहिता जागतिक वेळ लिहितात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असते, म्हणजे पहाटे दोनला घडलेलं आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठला दिसतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात यावर स्पष्ट सांगितलंय. सगळ्या यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या, आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं.

१८० दिवस ही मुदत उगाच नाही. चोर आज शिरला आणि उद्या पैसे घेऊन गेला असं होत नाही. आधी महिना-दोन महिने आत बसून कोण काय करतं ते बघतो. पंधरा दिवसांच्याच नोंदी शिल्लक असतील तर तो कुठल्या दारानं आला ते कधीच सापडत नाही, आणि दार उघडंच राहतं. जागा फार लागेल, असं कारण दिलं जातं. सगळ्या वाहतुकीची नक्कल साठवायची तर जागा लागतेच, पण नोंदी हा साधा मजकूर असतो, दाबून ठेवला की बराच आकसतो.

डीव्हीआर बंद होता

आता आपल्याकडचं बोलू. सीसीटीव्हीचं काय होतं ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. निधी येतो, कॅमेरे लागतात, फोटोसह बातमी येते. चोरी झाली की कळतं डीव्हीआर बंद होता. नोंदी गोळा करण्याच्या यंत्रणेचंही तसंच व्हायची भीती जास्त आहे. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ रोजी सायबर सुरक्षेची चौकट काढली, बँक जेवढी डिजिटल तेवढ्या अटी कडक, अशी चार पातळ्यांची. जिल्हा बँकांसाठी नाबार्डचीही चौकट आहे. कागदावर कमी नाही. तपासणीला अधिकारी आले की मशीन दाखवता येतं, दिवेही लुकलुकत असतात.

अडचण माणसांची आहे. आयडीएस नवीन लावलं की पहिल्या आठवड्यात इशाऱ्यांचा पाऊस पडतो. शाखेतला प्रिंटर, अँटिव्हायरसचं अपडेट, कुणाचा तरी मोबाइल, सगळ्यांवर ते भुंकतं. लांडगा आला रे आला असं रोज झालं की लोक कान झाकतात. यावर उपाय एकच, कुणीतरी बसून महिना-दीड महिना एकेक इशारा बघायचा आणि घरचं कोण, परकं कोण हे यंत्रणेला शिकवायचं. हे काम बिलात दिसत नाही म्हणून होत नाही. महागडं यंत्र आणि वाचणारा कुणी नाही, यापेक्षा फुकटचं सॉफ्टवेअर आणि रोज अर्धा तास वाचणारा एक माणूस कितीतरी बरा.

छोट्या बँकेला चोवीस तास माणूस बसवणं परवडत नाही, हे खरंच आहे. म्हणून काम बाहेरच्या कंपनीला देतात. त्यातही वावगं नाही, फक्त करारात लिहिलेलं पाहिजे की शनिवारी रात्री इशारा आला तर कंपनीचा माणूस कुणाला फोन करणार, आणि फोन घेणाऱ्याला एटीएम स्विच बंद करण्याचा अधिकार आहे का. अध्यक्षांची परवानगी मिळेपर्यंत थांबायचं असेल तर कॉसमॉसचे ते काही तास आठवावेत.

खातेदाराचा यात थेट संबंध आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी यंत्रणा फोडली, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. सहकारी बँकांनाही हे लागू केलं गेलं. प्रत्यक्षात काउंटरवर काय ऐकायला मिळतं? "तुम्हीच ओटीपी दिला असेल." त्या वेळी त्या खात्यात कुठल्या ठिकाणाहून, कुठल्या मशीनवरून लॉगिन झालं ते सांगणारी नोंद बँकेकडं असली तर वाद मिनिटात मिटतो. म्हणून १९३० वर तक्रार करताना बँकेला लेखी अर्जही द्यावा, त्यात त्या वेळेच्या नोंदी जपून ठेवा असं लिहावं आणि पोच घ्यावी.

गावातल्या विकास सोसायट्यांचं चित्र आणखी नाजूक आहे. केंद्रानं २०२२ मध्ये ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. कर्जाच्या नोंदी, खताचा साठा आता कॉम्प्युटरवर येतोय, चांगलंच आहे. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटी आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आणि तिथला कॉम्प्युटर बऱ्याचदा असा असतो, की पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला आणि त्याच मशीनवर सचिवांच्या पोराचा गेम. अशा ठिकाणी आयडीएसच्या गप्पा मारून उपयोग नाही. पण प्रत्येकाला वेगळं लॉगिन, घड्याळ बरोबर, आणि विंडोज स्वतः जी नोंद ठेवतं ती दर आठवड्याला उचलून जिल्हा बँकेकडं किंवा कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, एवढं बिनखर्चात जमतं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात. अहवालात लाभांश, थकबाकी, इमारत फंड सगळं छापलेलं असतं, संगणक खर्च एका ओळीत. त्या ओळीवर बोट ठेवून सभासदांनी विचारावं, की नोंदी किती दिवसांच्या आहेत, त्या कुठं ठेवल्यात, आणि गेल्या महिन्यात त्या उघडून कुणी बघितल्या. तिसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं पाहिजे, कंपनीचं नव्हे.