कामगार संघाचा पुढारी कसा निवडावा ?

कामगार संघाची निवडणूक जवळ आली म्हणजे कारखान्याच्या फाटकावर जो प्रश्न विचारला जातो, तोच आठवड्याच्या बाजारांतही विचारला जातो : “मत कोणास द्यावें ?” संघाचा सभासद कारखान्यांत असतो, पण त्याची म्हातारी आई, बायकापोरें आणि दोन एकर कोरडवाहू कसणारा भाऊ गांवीं असतात. पुढाऱ्यानें चूक केली तर तिचा दंड ह्या साऱ्या घरास भरावा लागतो. सबब हा विषय आमच्या वाचकांच्या चुलीपर्यंत पोंचणारा आहे असें समजून आम्ही आज दोन शब्द लिहीत आहों.

अशा निवडणुकींत बहुधा तीन प्रकारचे उमेदवार पुढें येतात. पहिला वकील किंवा एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता. तो कायदा जाणतो आणि साहेबापुढें खुर्ची ओढून बसतो. दुसरा खात्यावरचा मुकादम. त्यानें दहा घरचीं पोरें कामाला लाविलीं आहेत, आणि तो आपला जातभाई आहे. तिसरा साधा फिटर. त्याला भाषण साधत नाहीं, पण पगाराच्या चिठीत कोठें कापलें गेलें तें तो बोट ठेवून दाखवितो.

मुकादमाबद्दल आमचें मत स्पष्ट आहे. ज्याच्या शब्दानें नोकरी लागते, त्याचा शब्द मालकाकडे चालतो म्हणूनच ती लागते. असा मनुष्य मालकापुढें ताठ उभा राहील कसा ? तो जातीचा आहे, हें तर कारणच नव्हे. परक्यानें लुबाडलें तर आपण गांव गोळा करतों, आणि आपल्यानें लुबाडलें तर घरची गोष्ट म्हणून झांकून ठेवतों. ही खोड जोंवर जात नाहीं, तोंवर आपल्या मतास किंमत येणार नाहीं.

मग वकील कीं फिटर ? बाहेरचा मनुष्य तेवढ्यानेंच वाईट ठरत नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या एका गिरणींत स्टोअरकीपर होते. मागावर उभे राहणारे नव्हते. तरी १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला, रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति मागितली. एप्रिल १८९० च्या मोठ्या सभेंत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें आठवड्याची सुटी मिळाली. पण त्यांच्या संघास सभासदांची यादी नव्हती, निधि नव्हता, नियम नव्हते. १८९७ सालीं लोखंडे वारले आणि मागें संघ म्हणून उभें राहील असें फारसें कांहीं उरलें नाहीं. पुढारी थोर असला तरी वही नसेल तर संघ त्याच्याबरोबरच जातो.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपांत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते, आणि डांग्यांसारखे शिकलेले लोक कामगार नसून तिच्यांत चिटणीशीचें काम करीत. गिरणीगणिक कामगारांच्या समित्या होत्या. कायदा जाणणारा आणि साचा जाणणारा एकत्र बसले, हें त्या संघाचें बळ होतें.

आतां दुसरी बाजू. १९४६ च्या कायद्यानें मुंबईच्या गिरण्यांत बोलणीं करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघास होता. त्यावरचा विश्वास उडाला म्हणून कामगारांनीं डॉक्टर दत्ता सामंतांस पुढें केलें, आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख लोक संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. कोंकण, सातारा, कोल्हापूर इकडे घरोघर परतलेले कामगार कणगींतल्या दाण्यावर जगले, आणि कितीकांच्या घरचे डाग सावकाराकडे गेले. सामंतांच्या निष्ठेबद्दल येथें वाद नाहीं. पण लढा केव्हां व कोणी थांबवावयाचा हें आधीं ठरलेलें नसलें म्हणजे काय होतें, तें आमच्या खेड्यांनीं सोसलें आहे.

कायद्यानें कांहीं हत्यारें दिलीं आहेत. १९२६ च्या कायद्यानें सभासदास संघाचे हिशेब पाहण्याचा हक्क दिला. २००१ च्या दुरुस्तीनें पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांहून अधिक असूं नये असें ठरलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागीं औद्योगिक संबंध संहिता आली आहे. एका कारखान्यांत अनेक संघ असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्याच्या मागें, तोच बोलणीं करणारा संघ, असें तिचें म्हणणें आहे. म्हणून निवडणुकींत हरल्यावर रुसून दुसरा संघ काढणाऱ्यांनीं आधीं विचार करावा.

तेव्हां उमेदवार दारीं आला तर त्यास चहा द्या आणि चार गोष्टी विचारा. वर्गणीचा हिशेब दरसाल सभेंत वाचून दाखवाल काय ? करारावर सही करण्यापूर्वीं तो मराठींत सर्वांस ऐकवाल काय ? संप सुरू करणें आणि थांबविणें ह्या दोहोंस सभासदांचें गुप्त मत घ्याल काय ? हंगामी गडी, ठेकेदाराचे मजूर आणि झाडू मारणाऱ्या बाया ह्यांस संघांत घ्याल काय ? चौथ्या प्रश्नावर जो घुटमळेल, त्यास नीट ओळखून ठेवा. जो सर्वांत खालच्यास सोडतो, तो उद्यां तुम्हांसही सोडील.

आमची शिफारस इतकीच : अध्यक्ष खात्यांतला असावा, वकील सल्ल्यास ठेवावा, आणि वही सर्वांस उघडी असावी. आणि बंधूंनो, मत देण्यापूर्वीं एक रात्र घरीं बसून घरधनिणीशीं बोला. संप झालाच तर दोन वेळची भाकर तिलाच पुरवावयाची आहे. मग पुढारी निवडतांना तिला विचारूं नये, हा कोठला न्याय?