समुद्रांतील बांधकामाचा धंदा व त्याचें वेतन

दहावीचा निकाल लागला कीं पुढें काय, हा प्रश्न आपल्याकडे घरोघर निघतो आणि त्याचें उत्तर बहुधा दोन-चार ठराविक धंद्यांतच शोधलें जातें. समुद्राचें नांव निघालेंच तर पालकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो जहाजावरील पांढऱ्या गणवेशांतला अधिकारी. परंतु समुद्रावर जहाजें चालविणारे जसे असतात, तसे समुद्रांत पाया घालणारे, धक्के बांधणारे, गाळ उपसणारे आणि पाण्याखालीं उतरून लोखंड जोडणारेहि असतात, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आपल्या किनाऱ्यास हा धंदा नवा नव्हे. मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें. मुंबईस १८७५ त ससून डॉक आणि १८८० त प्रिन्सेस डॉक तयार झाली. अगदीं अलीकडे, १२ जानेवारी २०२४ रोजीं, शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या अटल सेतूचें उद्घाटन झालें. त्याची लांबी सुमारें २२ किलोमीटर असून त्यांतील १६ किलोमीटरांहून अधिक भाग समुद्रावर आहे.

या धंद्याची गोष्ट निघाली कीं पालक प्रथम विचारतात, "पगार किती?" प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मतें तो अपुरा आहे. या कामांत मिळणारा पैसा तीन निरनिराळ्या गोष्टींचा मोबदला असतो. कांहीं कौशल्याचा, कांहीं धोक्याचा, आणि कांहीं घरापासून दूर किंवा कामाविना जाणाऱ्या दिवसांचा. तिन्ही पैसे एकाच पाकिटांत घालून हातीं येतात, म्हणून ते एकच वाटतात. वास्तविक पहिला पैसा माणसाच्या वयाबरोबर वाढत जातो. दुसरा मात्र अंगांत रग आहे तोंवरच.

समुद्रांत एक खांब उभा करणें म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. प्रथम तराफ्यावरून किंवा तात्पुरत्या मचाणावरून एक पोलादी नळकांडें समुद्राच्या तळांत ठोकून बसवितात. चिखल संपून खडक लागला कीं त्या नळकांड्याच्या आंतून यंत्रानें खडक कोरतात. मग सळ्यांचा पिंजरा आंत सोडतात आणि एका लांब नळीवाटे काँक्रीट थेट तळाशीं पोंचवितात. तें खालून वर चढत येतें व नळकांड्यांतील पाणी वर लोटून देतें. वरूनच पाण्यांत टाकलें तर सिमेंट धुऊन जाईल, म्हणून ही युक्ति. हें ओतणें एकदां सुरू झालें कीं मध्येंच थांबवितां येत नाहीं. मग रात्र असो कीं वारा सुटलेला असो. मुंबईच्या बंदरांत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढतें-उतरतें; तेव्हां तराफा, क्रेन आणि काँक्रीट आणणारी बोट या सर्वांच्या वेळा तिथीशीं बांधलेल्या असतात. उधाण आणि भांग यांचा हिशेब कोळ्याच्या मुलास आजोबांजवळ बसूनच कळलेला असतो. पुस्तकी इंजिनियरास हें ज्ञान मिळवावयास कित्येक वर्षें लागतात, हें जातां जातां नमूद करून ठेवतों.

एवढ्या एका खांबापाशीं मोजणीदार, वेल्डर, फिटर, क्रेन चालविणारा, तांडेल, खलाशी, पाणबुड्या, सुरक्षा-अधिकारी आणि इंजिनियर इतके लोक खपत असतात. त्या सर्वांचा पगार कशावरून ठरतो, हें पाहण्यास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचें उदाहरण फार बोधप्रद आहे. १८७० नंतर त्या पुलाचे पाये घालतांना एक प्रचंड लांकडी पेटी उपडी करून नदीच्या तळाशीं बसविली होती. तींत दाबाखालीं हवा भरून पाणी बाहेर ठेवीत आणि मजूर आंत उतरून तळ खणीत. पेटी जसजशी खोल जाई, तसतसा हवेचा दाब वाढे, कामाचे तास कमी करावे लागत आणि रोज वाढवावा लागे. वर आल्यावर मजुरांचे सांधे असह्य दुखूं लागत. कित्येकांस पक्षाघात झाला, कांहीं दगावले. दाबाखालीं रक्तांत विरघळलेला नायट्रोजन माणूस घाईनें वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो, हें त्याचें कारण. मे १८७२ मध्यें मजुरांनीं दिवसास तीन डॉलर मागून संप केला. तो थोडक्याच दिवसांत मिटला. खुद्द मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग यांसहि त्याच रोगानें अंथरुणास खिळविलें, आणि पुढें त्यांची पत्नी एमिली हिनें त्यांचे निरोप पोंचवून काम तडीस नेलें. मजुरांनीं मागितला तो वाढीव रोज. त्यांस खरी गरज होती ती सावकाश वर येण्याची. परंतु तें शास्त्र त्या वेळीं कच्चें होतें. पाणबुड्यांनीं कोणत्या खोलीवर किती वेळ थांबत थांबत वर यावें, याचीं कोष्टकें हॉल्डेन या इंग्लंडमधील शास्त्रज्ञानें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि तेव्हांपासून पुष्कळ जीव वांचले.

आतां एक ताजा हिशेब पाहूं. अमेरिकेच्या सरकारी गणनेप्रमाणें मे २०२३ मध्यें धंदेवाईक पाणबुड्यांचें मध्यम वार्षिक वेतन सुमारें ६१ हजार डॉलर होतें, आणि सिव्हिल इंजिनियरांचें सुमारें ९६ हजार. मध्यम म्हणजे निम्म्यांस त्याहून कमी व निम्म्यांस अधिक. अत्यंत खोल पाण्यांत काम करणारे कांहीं पाणबुडे पोलादी कोठडींत दाबाखालीं चार-चार आठवडे राहतात व प्रत्येक तासाचा जादा भत्ता मिळवितात. त्यांच्या कमाईच्या कथा तरुणांत फार पसरतात. पण असे लोक मोजके असतात. एकंदरीनें पाहतां जो तळाशीं उतरतो त्याहून जो तळाचें गणित करतो त्यास अधिक मिळतें. हें न्याय्य आहे कीं नाहीं, हा निराळा प्रश्न आहे, आणि मला तरी तें पूर्णपणें न्याय्य वाटत नाहीं. परंतु मुलाच्या आयुष्याचा विचार करतांना तें ध्यानांत घ्यावेंच लागेल.

तिसऱ्या पैशाविषयीं, म्हणजे रिकाम्या दिवसांविषयीं, पालक क्वचितच विचारतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यांत उघड्या समुद्रावरील पुष्कळसें काम मंदावतें किंवा बंद पडतें. समजा, एकास दरमहा ४० हजार रुपये मिळाले, पण काम आठच महिने; दुसऱ्यास ३० हजार, पण बाराहि महिने. वर्षाकांठीं पहिल्याचे ३ लाख २० हजार होतात आणि दुसऱ्याचे ३ लाख ६० हजार. शिवाय खराब हवेच्या दिवसाचा खाडा कोणाच्या नांवावर, तराफ्यावरील जेवणाचे पैसे कापतात काय, घेतलेली उचल कशी फेडावयाची, भविष्य-निर्वाह-निधि व विमा कागदावर आहे कीं मुकादमाच्या तोंडीं, जादा तासांस दुप्पट दर मिळतो काय, हें सारें कामावर जाण्यापूर्वीं विचारावें. विचारल्यानें नोकरी जात असेल तर ती गेलेलीच बरी.

कारण धोक्याची गोष्ट पुस्तकांतली नव्हे. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळांत मुंबईपासून दूर समुद्रांत तेलक्षेत्रावरील कामगारांच्या वस्तीचा पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें व तटरक्षक दलानें खवळलेल्या समुद्रांतून पुष्कळांस बाहेर काढलें, तरी सत्तरांहून अधिक जण गेले. वादळाची सूचना हवामानखात्यानें अगोदर दिलेली होती. जे गेले ते चांगल्या पगारासाठीं आलेले, कोणा ना कोणा घरचे कर्ते पुरुष होते. म्हणून पगाराच्या आंकड्याच्या आधीं हें विचारलें पाहिजे, कीं वादळाची सूचना आल्यावर माणसांना किनाऱ्यावर परत आणण्याचा हुकूम कोण देतो, आणि त्याचें नांव कामगारांस ठाऊक असतें काय.

इतकें सांगूनहि, मुलांनीं या धंद्यापासून दूर राहावें असें माझें म्हणणें नाहीं. त्यांनीं कौशल्याच्या दारानें आंत जावें. वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आय. टी. आय. मध्यें आठवी पास मुलासहि खुला असतो. दहावीनंतर फिटरचा व मोजणीदाराचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि सिव्हिलची पदविका तीन वर्षांची. ज्यांची बुद्धि गणितांत चालते त्यांच्यासाठीं मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें सागरी अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. आणि आपल्या पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे; तेथें बंदरांच्या लहान प्रतिकृति करून त्यांवर कृत्रिम लाटा सोडतात व धक्का कोठें बांधावा तें ठरवितात. मोजणी, आराखडे, प्रतिकृति हीं कामें मुलींनीं आपलीं नव्हेत असें मानण्याचें कांहींच कारण नाहीं. एमिली रोबलिंग यांचें उदाहरण वर आलेंच आहे.

हा विषय आज निघण्यास कारणहि तसेंच आहे. पालघर जिल्ह्यांत डहाणूजवळ वाढवण येथील बंदरास जून २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. अंदाजी खर्च ७६,२२० कोटी रुपये. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास कित्येक वर्षांचा विरोध आहे. त्या वादाचा निकाल देण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु सुमारें १२ लाख लोकांस रोजगार मिळेल असें जें सांगितलें जातें, त्याबाबत एवढें विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकास आहे, कीं त्यांत मोजणीदार किती, क्रेन चालविणारे किती, आणि फाटकावरचे पहारेकरी किती. स्वतःच्या होडीचा मालक पहारेकरी झाला, तर महिन्याचा पगार घरीं येऊनहि तें घर खालींच आलें. आणि शिक्षण बांधकामाच्या अगोदर मिळालें पाहिजे. पाये एकदां घालून झाले कीं ते शिकलेल्या कामगारांसह दुसऱ्या बंदराकडे निघून जातात. आज आठवींत असलेला किनाऱ्यावरचा मुलगा पदविका घेऊन बाहेर पडण्यास पांच-सहा वर्षें लागतील. त्याचा मोठा भाऊ, जो यंदा दहावीस बसला आहे, त्यानें निकाल लागतांच आय. टी. आय. चा अर्ज भरला तर दोन वर्षांत तो मोजणीचें यंत्र घेऊन त्याच किनाऱ्यावर उभा राहूं शकेल.