ग्लासचा तळ सरळ नसतो!

एक काम करा. हाताशी असेल तो कागद घ्या, वहीचं मागचं पानही चालेल, आणि एक स्टीलचा ग्लास काढा. समोर ग्लास ठेवू नका, मनानेच काढा. अर्धं मिनिट पुरे.

झालं? आता बघा. वर एक लंबगोल, बाजूंना दोन उभ्या रेषा आणि खाली सरळ आडवी रेष मारून ग्लास बंद. आपण बहुतेक जण असाच काढतो. आता स्वयंपाकघरातून खरा ग्लास आणून टेबलावर ठेवा. खालची कड सरळ कुठे आहे? ती चांगली वाकलेली दिसते. वरच्या काठापेक्षा तिची गोलाई जास्तच आहे, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे. आता ग्लास हळूहळू वर उचला. वरचा काठ चपटा होत जातो आणि डोळ्यांसमोर आला की त्याची नुसती एक रेष उरते. ज्या ग्लासने आपण रोज पाणी पितो, तो आपण कधी नीट बघितलेलाच नाही.

म्हणूनच मला वाटतं की कॉलेजच्या वयात आपण सगळ्यांनी चित्र काढायला शिकावं. आर्ट्सवाल्यांनी, कॉमर्सवाल्यांनी, इंजिनीअरिंगवाल्यांनीसुद्धा. प्रदर्शन भरवायचं नाहीये. बघायची सवय लावायची आहे.

आपलं चित्रकलेचं शिक्षण आठवून बघा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी एम सारखे पक्षी. विदर्भातलं पोर असो की कोकणातलं, चित्र तेच. खिडकीबाहेर मात्र पाण्याची टाकी, डिशच्या छत्र्या आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे. ते कुणी काढायला सांगितलं नाही, आपणही काढलं नाही.

मग एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट आल्या. कला संचालनालयाच्या या परीक्षांमध्ये वस्तुचित्राचा पेपर असतो. समोर मडकं, किटली, एखादं फळ, मागे कापड अशी मांडणी, आणि आपण आपल्या जागेवरून दिसेल ते काढायचं. मला विचाराल तर शाळेत आपण दिलेल्या परीक्षांपैकी ही एक सगळ्यात प्रामाणिक परीक्षा. शेजारच्याचं बघून लिहायची सोयच नाही, कारण त्याच्या जागेवरून किटलीचा कान वेगळ्या बाजूला दिसतो! पण आपल्या डोक्यात काय होतं? दहावीला मिळणारे वाढीव गुण. ते मिळाले की रंगपेटी माळ्यावर गेली. चित्रकलेचे उरलेसुरले तास गणिताच्या सरांनी पोर्शनसाठी घेतले, आणि ‘माझं ड्रॉइंग खराब आहे’ हे वाक्य आपल्याला कायमचं चिकटलं.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइलवर सगळं शिकता येतं की. येतं ना. ‘पाच स्टेप्समध्ये मांजर’, ‘तीस सेकंदांत गुलाब’. गोल काढा, त्यावर दोन त्रिकोण, खाली अंडाकृती, मिशा, झालं मांजर. या रील्सना मी नावं ठेवणार नाही. पायऱ्या पाडून दिल्यामुळे कोऱ्या कागदाची भीती जाते, आणि ती गोष्ट मोठी आहे. अडचण पुढे येते. रीलमधून शिकलेलं मांजर दर वेळी तेच असतं. कँटीनच्या पायरीवर झोपलेलं, एक कान फाटलेलं मांजर त्यातून काढता येत नाही. रील आपल्याला दुसऱ्याने बघून झालेल्या गोष्टीचं तयार उत्तर देते. गाइडमधून पाठ केलेल्या उत्तरासारखंच ते, प्रश्न थोडा फिरवला की आपण गार.

पायऱ्या हव्यातच, पण बघण्याच्या. तुमचा तीन खणांचा डबा समोर ठेवा. पहिली पायरी, एक डोळा मिटून पेन्सिल हात ताठ करून धरा आणि डब्याची रुंदी मोजा. ती उंचीत किती वेळा बसते? तेवढ्या मापाची चौकट कागदावर हलक्या हाताने आखा. दुसरी, मधोमध उभी रेष. डबा डावीउजवीकडे कलला की ती लगेच चुगली करते. तिसरी, प्रत्येक खणाच्या कडेचा लंबगोल. वरचा सगळ्यात चपटा, खाली जाल तसा जास्त गोल. चौथी, रिकाम्या जागा. कडी काढू नका, कडी आणि झाकण यांच्यामधल्या पोकळीचा आकार काढा. कडी आपोआप बरोबर येते. कोल्हापुरी चप्पल, सायकल, खुर्ची, सगळ्यांना ही युक्ती लागू पडते. पाचवी, डोळे किलकिले करा. बारकावे पुसट होतात आणि फक्त उजेड नि सावली उरते. सगळ्यात गडद जागा आधी भरा. खोडरबर शेवटी.

पहिला डबा वाकडा येईल. दहावाही थोडा वाकडाच येईल. पण दहाव्या वेळी नेमकं कुठे चुकलं ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

‘माझा हातच वळत नाही’ ही सगळ्यात आवडती सबब. तुम्हाला ‘ज्ञ’ लिहिता येतो? ‘क्ष’ येतो? मग हात वळतो. इतकी वळणं रोज न बघता घेणाऱ्या हाताला डब्याचा लंबगोल जड नाही. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन कला-शिक्षिकेने १९७९ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात एक मजेदार सराव दिला आहे. एखादं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि तसंच उलटं उतरवायचं. हे नाक, हा हात अशी नावं देता येत नाहीत, त्यामुळे डोळे निमूटपणे रेषा बघतात. करून बघा, सुलट काढलेल्यापेक्षा हे चित्र सहसा बरं येतं. दोन्ही वेळा हात तोच असतो, बघणं बदलतं.

याचा अभ्यासाला उपयोग काय, हाही प्रश्न येणारच. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग सांगतात की नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा ज्यांचं चित्र काढलं ते शब्द जास्त लक्षात राहतात, चित्र सुंदर नसलं तरीही. आणि आपण काय करतो? सीनिअरच्या जर्नलमधल्या आकृत्या जशाच्या तशा उतरवतो. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर काचेखाली दिवा लावून शीटवर ‘जीटी’ मारली जाते. शीट सबमिट होते, सही मिळते, आणि तो नट किंवा बोल्ट एकदाही हातात घेऊन फिरवलेला नसतो.

आता एआय सेकंदात चित्र काढून देतं, मग आपण कशाला? डब्याचं चित्र ते देईल, माझ्यापेक्षा देखणं देईल. पण तुमच्या डब्याच्या झाकणाला पडलेला पोचा त्याला माहीत नाही. तो तुम्हाला दिसला पाहिजे.

आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. पण लहानपणापासून खिडकीतून दिसणारे कावळे, वाळक्या काटक्या, रस्त्यावरची माणसं ते काढत राहिले. पुढचं आपल्याला माहीत आहे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं. नियम साधा, जिथे आहात तिथे बसून समोरचं काढायचं. आज जगभरच्या शहरांत लोक असे फुटपाथवर वही घेऊन बसतात. पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. आम्हालाही पहिलं काम तेच शिकवतात, आधी नीट बघ, मग लिही.

क्लास लावू नका, महागडी स्केचबुक मागवू नका. एक पेन्सिल आणि पाठकोरे कागद घ्या. महिनाभर रोज एकच वस्तू, दहा मिनिटं. चार्जर, चावी, टपरीवरचा कटिंगचा ग्लास, बाबांची स्कूटर. कुणाला दाखवायची नाहीत, स्टोरीला टाकायची नाहीत. तारीख मात्र लिहून ठेवा. आणि महिन्याच्या शेवटी तो स्टीलचा ग्लास पुन्हा मनाने काढा. खालची रेष सरळ येते का, बघा.