रांगेचा फोटो कोण काढणार?

एप्रिल उजाडला, मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "थीम पार्कला जातोय, कॅमेरा कुठला घेऊ?" विचारणारा माझ्यासारखाच असतो. हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत नोकरी, आईबाबा गावाहून आलेले, बहिणीची दोन पोरं सोबत, आणि सगळ्यांची मिळून वर्षातून एकदाच जमणारी सुट्टी. त्याला तीन उत्तरं मिळतात. पहिलं : "फोन आहे ना, कॅमेरा कशाला?" दुसरं : "मिररलेस घेऊन टाक, एकदाच खर्च." आणि तिसरं, सध्या फॉर्मात असलेलं : "२००८चा एखादा डिजिकॅम शोध, सीसीडीवाला. काय व्हाइब येतो!"

तिन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि तिघांची चूक एकच आहे. तिथे कशाचे फोटो काढायचेत, हे कुणी विचारलेलंच नाही. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न घेता कोडिंगला बसणं म्हणतात. मग सहा महिन्यांनी जे व्हायचं ते होतंच.

माझं म्हणणं सरळ आहे. थीम पार्कमधले बहुतेक फोटो आपण काढत नाही, पार्क ते आपल्या हातून काढवून घेतं. कॅमेरा निवडायचाच असेल तर याच्या विरोधात निवडा.

उभं कुठे राहायचं, हे आधीच ठरलेलं आहे

१९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून तिथे कोडॅकचं दुकान होतं. पुढे डिस्नेच्या पार्कांमध्ये ठिकठिकाणी 'कोडॅक पिक्चर स्पॉट'च्या पाट्या लागल्या. म्हणजे इथे उभे राहा, तिकडे बघा, बटण दाबा. फोटो चांगला यायचा, कारण झाड, किल्ला, रस्ता सगळं त्या चौकटीच्या हिशेबाने मांडलेलं असायचं. २०१२ साली कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पार्कांत त्या पाट्यांवर निकॉनचं नाव आलं. कंपनी बदलली, उभं राहायची जागा राहिली.

आपल्याकडे तिला सेल्फी पॉइंट म्हणतात. प्रवेशद्वारासमोरची मोठ्ठी अक्षरं, रंगवलेले पंख, वेषधारी पात्रं, आणि मागे पार्कचा लोगो हमखास येईल असा कोन. त्यातून सुटलात तर राइडवर बसवलेला कॅमेरा आहेच. कोस्टर सगळ्यात खोल उडी घेतो तिथे तो तुमचा आ वासलेला चेहरा टिपतो आणि बाहेर पडायच्या वाटेवरच्या काउंटरवर तो चेहरा तुम्हालाच विकतो. तिकीट आपण काढलं, घाबरलो आपण, फोटोचे पैसेही आपणच द्यायचे. वर तो स्टेटसला टाकून जाहिरात फुकट करायची! धंदा म्हणून हे अफलातून आहे. पण याला आपण आपल्या सहलीच्या आठवणी म्हणतो, तिथे मला अडचण आहे.

हिशेब करून बघा

समजा, सकाळी दहाला आत गेलात आणि संध्याकाळी सातला बाहेर पडलात. नऊ तास. एक राइड दोन-तीन मिनिटांची. दहा राइड केल्यात तरी प्रत्यक्ष राइडवर घालवलेला वेळ अर्धा तास भरतो. उरलेले साडेआठ तास काय करत होतात?

रांगेत उभे होतात. पत्र्याच्या सावलीत, लोखंडी दांड्यांमध्ये, पुढच्या काकांच्या पाठीवरचे घामाचे डाग बघत. उंची मोजायच्या पट्टीसमोर भाचा टाचा उंचावत होता. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीखाली आजी पिशवीच्या तळातून चकल्या काढत होती. बहीण ओले टॉवेल पिळत होती. आणि बाबा बाकावर सामान सांभाळत होते.

प्रत्येक कुटुंबात हा सामान सांभाळणारा माणूस असतो. "तुम्ही जा रे, मला नाही ते चक्कर येणारं," असं म्हणून तो दिवसभर सहा चपला, चार बॅगा आणि एक पाण्याची बाटली राखत बसतो. तिकीट त्याचंही काढलेलं असतं. संध्याकाळी गाडीत बसून दोनशे फोटो चाळा. तो एकाही फोटोत नसतो. त्याच्याखालोखाल गायब असते आई. ती असते, पण प्रवेशद्वाराच्या ग्रुप फोटोत, कडेला, डोळे मिटलेली.

सहल त्या साडेआठ तासांत घडते आणि फोटो मात्र उरलेल्या अर्ध्या तासाचे असतात. ही तक्रार तुम्हाला पटत असेल तर कॅमेऱ्याची निवड सोपी होते.

फोन कुठे कमी पडतो?

दर्जात नाही, हे आधी कबूल करू. आजच्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ७० चौरस मिलिमीटरचा असतो, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचा २५च्या आसपास. शिवाय फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन त्यांची बेरीज करतो, त्यामुळे अंधारातही तो बाजी मारतो. या शर्यतीत जुना कॅमेरा उतरवण्यात अर्थ नाही.

पण फोन एकाच माणसाचा असतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. त्यात तुमचं तिकीट आहे, यूपीआय आहे, घरी परतायची कॅब आहे, मॅनेजरचा "क्विक कॉल?" आहे आणि कुणी बघू नयेत अशा चार चॅट्स आहेत. असा फोन अनलॉक करून तुम्ही नऊ वर्षांच्या भाच्याच्या हातात देत नाही. बाबांना दिलात तरी "ते मधलं बटण दाबा फक्त, दुसरं काही करू नका" असं बजावून देता. म्हणून सगळे फोटो एकाच उंचीवरून, एकाच नजरेने निघतात. फोटोत कोण नसणार हे फोटो काढणारा ठरवतो, आणि दिवसभर काढणारा एकच असेल तर गैरहजर राहणारेही तेच राहतात.

दुसरी गोष्ट जुनीच आहे. सुझन सोंटॅगने 'ऑन फोटोग्राफी' या १९७७च्या पुस्तकात म्हटलं होतं की, कामाची जबर सवय लागलेल्या समाजांतले लोक सुट्टीत सारखे फोटो काढतात, कारण रिकामं बसल्याची अस्वस्थता त्यांना सोसवत नाही. फोटो हे त्यांचं सुट्टीतलं काम होतं. तिला आपली आयटीतली पिढी बघायला मिळायला हवी होती. आपण तर काढतो, निवडतो, क्रॉप करतो, टाकतो, आणि मग रांगेत उभं राहून व्ह्यूज मोजतो. हा पगाराविना सुरू असलेला स्प्रिंटच आहे.

आता "मग फोटोच काढू नका, क्षण जगा" असं सांगणारे येतील. त्यांचंही मला पटत नाही. लिंडा हेंकेल यांचा २०१४चा एक प्रयोग ते आवडीने सांगतात : संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र कुणी सांगत नाही. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण घसरली नाही. २०१६ साली डील, झॉबरमन आणि बराश यांनी तर फोटो काढल्याने अनुभवातला आनंद बहुतेक वेळा वाढतो, असं दाखवलं. म्हणजे फोटो काढणं हा गुन्हा नाही. न बघता काढणं हा आहे.

मिररलेस आणि व्हाइब

मिररलेसचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तो कोस्टरवर नेता येत नाही, वॉटर पार्कात नेता येत नाही, आणि एवढी महाग वस्तू लॉकरमध्ये टाकवत नाही. म्हणजे सामान सांभाळायला अजून एक माणूस लागतो. बाबांची ड्यूटी वाढवणारा कॅमेरा मला नको.

आणि मेगापिक्सेलचं म्हणाल तर, चार बाय सहा इंचांची उत्तम प्रिंट काढायला १८०० गुणिले १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ए-फोर आकाराला साधारण ९. बाकीचे आकडे खोक्यावर छापायला असतात.

डिजिकॅमवाल्यांचं निदान चुकीचं आहे, पण औषध बरोबर लागलंय. सीसीडीत जादू नाही. त्या फोटोंचं ते 'दिसणं' मुख्यतः समोरून बसणारा कडक फ्लॅश, छोटा सेन्सर आणि त्या काळचं रंगांचं प्रोसेसिंग यांतून येतं. फोनमुळे हा बाजार बसला. २०१० साली जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले होते, २०२३ साली ८० लाखांहूनही कमी. नवे स्वस्त कॅमेरे फारसे निघत नाहीत, म्हणून जुन्यांना सोन्याचा भाव आला आणि इन्स्टावरचे विक्रेते व्हाइबच्या नावाने तो वसूल करतात. ते पैसे देऊ नका. आधी मामाचं कपाट उघडा. नव्वद टक्के घरांत तो कॅमेरा आहे, असं मी म्हणणार नाही, पण लग्नाच्या अल्बमशेजारी, चार्जरसकट, तो सापडायची शक्यता चांगली आहे.

मग काय न्यायचं?

खिशात मावणारा, मनगटाला दोरी असलेला, हरवला तर घरात रडारड होणार नाही असा कॅमेरा न्या. त्याला इंटरनेट नको. त्यात साधं एसडी कार्ड चालत असेल तर उत्तम, कारण एक्सडी कार्ड किंवा मेमरी स्टिक लागणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांसाठी कार्ड शोधत फिरावं लागतं. काही जुने कॅमेरे २ जीबीहून मोठं कार्ड ओळखतच नाहीत, तेवढं घरीच तपासा. बॅटरी निघणारी असावी आणि दुसरी खिशात असावी. वॉटर पार्क असेल तर खरोखर पाण्यासाठी बनवलेलाच कॅमेरा घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. फोनवरच्या आयपी-६८ वर विसंबू नका. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्थिर पाण्यातली असते. क्लोरिनच्या पाण्यात घसरगुंडीवरून आदळण्याची नसते. आणि आत पाणी गेलं तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात वर करते.

यातलं काहीच परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर जुना फोन घ्या, सिम काढा, फ्लाइट मोडवर टाका, पासवर्ड उडवा. झाला कॅमेरा. भांडण कंपनीशी नाहीच आहे. ती वस्तू घरातल्या कुणाच्याही हातात बिनघोर जावी, एवढंच हवं.

वापरायचं कसं, तेही सांगतो.

भर दुपारी टोपीखालचे चेहरे काळे पडतात. तेव्हा फ्लॅश सुरू करा. हो, उन्हात. कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश क्षणभरच पेटतो, पण फोनच्या एलईडीहून कितीतरी प्रखर असतो. दोन मीटरवरच्या आजीचा चेहरा त्याने उजळतो. अंधाऱ्या राइडमध्ये मात्र फ्लॅश कटाक्षाने बंद. त्याचा प्रकाश तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही, भुताऐवजी प्लायवूड दिसतं, आणि मागच्या डब्यातल्या पोराची मजा जाते.

कोस्टरचा फोटो खालून काढायचा तर गणित साधं आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी दीड फूट सरकते, १/१००० ला जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणून स्पोर्ट्स मोड लावा. नाहीतर सरळ कोस्टरकडे पाठ फिरवा आणि खाली उभं राहून वर बघणाऱ्या आपल्या माणसांचा फोटो काढा. तो जास्त चांगला येतो, आणि ते कुठे जातही नसतात.

रात्रीच्या रोषणाईला ट्रायपॉड लागत नाही. कॅमेरा कठड्यावर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, हात काढून घ्या. काठ्यांचा सोस सोडा. डिस्नेने २०१५ सालीच आपल्या पार्कांतून सेल्फी स्टिक हद्दपार केली.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : दर राइडनंतर कॅमेरा पुढच्या माणसाकडे गेला पाहिजे. प्रत्येकाने दहाच फोटो काढायचे, पुसायचं काही नाही, घरी पोचेपर्यंत बघायचं नाही. भाचा निम्मे फोटो लोकांच्या गुडघ्यांचे काढेल. काढू दे. त्याला दिवसभर तेच दिसत होते. बाबांच्या दहांपैकी तीन फोटोंत त्यांचं बोट येईल. येऊ दे. उरलेल्या सातांत तुम्ही राइडवरून उतरून त्यांच्याकडे चालत येत असाल. तसे तुम्ही कसे दिसता, हे तुम्हाला आजवर कधी बघायला मिळालेलं नाही. तुमच्या फोनकडे तो कोनच नव्हता.

खोपोलीच्या इमॅजिकामधल्या नायट्रो कोस्टरचे फोटो इंटरनेटवर हवे तेवढे मिळतील, तुमच्याहून चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले. पुढच्या वर्षी पार्क रंग बदलेल, नवी राइड आणेल, सेल्फी पॉइंट हलवेल. त्यांच्या जागेची नोंद ठेवायला त्यांच्याकडे माणसं आहेत, त्यांना पगार आहे. बाकावर बसलेल्या तुमच्या बाबांची नोंद ठेवायला तुम्ही सोडून कुणी नाही. तेव्हा या मे महिन्यात फोन लॉकरमध्ये टाका, छोटा कॅमेरा चार्ज करून घ्या, आणि पहिला फोटो बाकावरचा काढा. दुसरा बाबांना काढू द्या.