चाकाचा दाम मिळतो, रेघेचा का नाही?

कच्छमध्ये भुजच्या उत्तरेला, रणाच्या कडेला खावडा हे गाव आहे. तेथील मुस्लिम कुंभार घराण्यांनी मातीच्या भांड्यांचा हुनर पिढ्यान् पिढ्या जपला आहे. माठ, ताटे, वाडगे चाकावर पुरुष घडवतात. रंगकाम मात्र स्त्रियांचे. तांबड्या, काळ्या व पांढऱ्या मातीच्या रंगांनी त्या रेघा, ठिपके, नागमोडी वळणे काढतात. मग भट्टी लागते. खावड्याचे भांडे दुरून ओळखू येते ते या रेघेमुळेच.

पण भाव करताना आपण काय विचारतो? नग किती, आकार केवढा? म्हणजे चाकाचा हिशेब होतो, रेघ फुकटात जाते. साधा माठ कोणत्याही गावात मिळतो. त्यात प्लास्टिक आणि स्टीलने त्याचे गिऱ्हाईक केव्हाच पळवले. आज शहरातला ग्राहक जादा पैसे मोजतो ते नक्षीसाठी. तो जादा पैसा नक्षी काढणारीच्या हातात पडतो का, हा आमचा सवाल आहे.

सरकारी कागदावरही अडचण आहे. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात कुंभारकामही आहे. पहिल्या टप्प्यात 1 लाख व दुसऱ्यात 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजाने. पण लाभ एका कुटुंबात एकालाच. आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. लाभ अधिक घरांत पोहोचावा हा हेतू असेल, तर तो गैर नाही. परंतु जेथे एक भांडे दोघांच्या हातून पुरे होते, तेथे एकाचे नाव लागले की दुसरा कारागीर कागदावरून पुसला जातो. बहुधा पुसली जाते ती बाईच.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या व्यापारी बांधवांना आजही काही करता येईल. बिलात घडणावळ आणि रंगकाम वेगळे लिहा. ऑर्डरबरोबर काही रक्कम आगाऊ द्या. माल विकल्यावर पैसे, ही रीत कारागिराला सावकाराच्या दारात नेते. वाटेत फुटलेल्या नगाचा भुर्दंड एकट्या कुंभारावर टाकू नका.

हे दानधर्म नव्हे, चोख व्यवहार आहे. रेघेला दाम मिळाला तरच लेकी-सुना ती शिकतील. नाहीतर उद्या आपल्या दुकानात माठ असेल, खावडा नसेल.